बुद्ध पौर्णिमेला हसायचं की रडायचं? तुमच्या घरी हा दिवस कसा जातो?

पिंपळपान:

सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, काल लेकीनं निमित्त दिलं. ती आठ वर्षांची आहे. कॅलेंडरवर वैशाख पौर्णिमेच्या चौकोनात बोट ठेवून विचारते, "आई, या दिवशी बुद्धांचा जन्म झाला ना?" म्हटलं, हो. "ज्ञानप्राप्ती पण याच दिवशी?" हो. "आणि महापरिनिर्वाण पण?" हो गं बाई. बोट तसंच ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मग त्या दिवशी आपण हसायचं की रडायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. "आधी जेवून घे" म्हणून वेळ मारून नेली, पण रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

आजी होती तोवर असे प्रश्न पडायचेच नाहीत. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. पौर्णिमेच्या पहाटे आजी विहिरीवरून पाणी आणून अंगणात सडा टाकायची, पेटीतलं पांढरं लुगडं काढायची आणि कण्हेरीची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून आम्हाला घेऊन विहारात जायची. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याचं समाजमंदिर. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण बुद्धपूजा अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ. "पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं" ही ओळ आली की तिचा आवाज खाली यायचा. अर्थ विचारला तर म्हणायची, "फूल सुकतं तसं आपण सुकतो. एवढं ध्यानात ठेव, बाकीचं तुझ्या पुस्तकात वाच."

आता आम्ही पुण्यात. मूर्तीला हार घालतो, मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिशरण-पंचशील, मोबाइलवर शुभेच्छा, की झाली पौर्णिमा. काहीतरी हातातून निसटतंय असं वाटतं. तुम्ही घरी काय करता? त्यातलं समजून किती, सवयीनं किती? आणि मुलांना हा दिवस कसा समजावता?

रात्रपाळी:

लेकीला माझा जय भीम सांगा. इतका नेमका प्रश्न मी आजवर एकाही व्याख्यानात ऐकला नाही.

काजूची_बाग:

आमच्या कोकणात हा प्रश्न मुलांना पडायला उसंतच मिळत नाही, कारण पौर्णिमा आणि १४ एप्रिल मिळून एकच मोठा सोहळा होतो. बुद्ध-भीम संयुक्त जयंती. एप्रिलात शाळा चालू असतात, चाकरमानी मुंबईत असतात. मे महिन्यात सगळे गावी आले की पंचायतीची बैठक बसते, वर्गणी ठरते, तारीख ठरते. सकाळी पंचशील ध्वज, मग वंदना, दुपारी बायकांचे खेळ, शाळेत पहिल्या आलेल्या पोरांचे सत्कार, संध्याकाळी मिरवणूक आणि रात्री जलसा किंवा नाटक. मी पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिलो तो याच जयंतीत. वय वर्षे नऊ, महामंगलसुत्त म्हणायचं होतं. "बहू देवा मनुस्सा च" इथपर्यंत आलो आणि पुढचं डोक्यातून गेलं. मंडपातल्या सगळ्या म्हाताऱ्या एका सुरात पुढची ओळ म्हणायला लागल्या, त्यांच्या मागून मी शेवटपर्यंत पोचलो. तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हा माझं उत्तर साधं आहे. हसायचं. गाव भरलेलं असतं, आणखी काय पाहिजे!

सरळरेघ:

थोडं वेगळं मांडतो, राग नसावा.

पहिली गोष्ट, तीनही घटना एकाच तिथीला घडल्या ही थेरवादी, म्हणजे श्रीलंका-थायलंडकडच्या बौद्ध परंपरेची धारणा आहे. जपानमध्ये जन्म ८ एप्रिलला, बोधी म्हणजे ज्ञानप्राप्ती ८ डिसेंबरला आणि परिनिर्वाण १५ फेब्रुवारीला पाळतात. तीन दिवस वेगळे असल्यानं तिकडच्या मुलांना हा पेच पडतच नाही. तिबेटी परंपरेत त्यांच्या चौथ्या महिन्याची पौर्णिमा धरतात, सागा दावा म्हणतात त्या महिन्याला. म्हणजे तिथी हा श्रद्धेचा भाग झाला, इतिहासाचा पुरावा नव्हे. मुलीला तसं मोकळेपणानं सांगा, तिला नक्की समजेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कर्मकांड सोडण्यासाठी आपल्या आजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतली. आता पौर्णिमेला खीर झालीच पाहिजे, पांढरेच कपडे पाहिजेत, मूर्तीसमोर पाच फळं पाहिजेत, काही घरांत तर दिवसभर उपवास. विचारलं तर "आमच्यात असतंच" हे उत्तर. हेच उत्तर आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो ना? मी घरी फक्त वाचन करतो. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधलं एक प्रकरण, मोठ्यानं, सगळ्यांनी बसून. बाकी काही नाही.

गोदाकाठचा_मास्तर:

सरळरेघ, वाचनाशी शंभर टक्के सहमत. तिथीबद्दल मात्र एक भर घालतो. ज्या ग्रंथाचं तुम्ही वाचन करता त्यातच बाबासाहेबांनी सिद्धार्थाचा जन्म वैशाख पौर्णिमेचा, इ.स.पू. ५६३ चा दिलेला आहे. चार दृश्यांची गोष्ट त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण जन्मतिथी त्यांनी ठेवली. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्यांनी एकेक गोष्ट पारखून ठरवलं, सरसकट झाडू मारला नाही. खिरीच्या बाबतीतही तेवढंच करू या, एवढीच विनंती.

आकड्यांची एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. १९५६ साली भारत सरकारनं अडीच हजारावी बुद्ध जयंती साजरी केली. नाव जयंतीचं, पण ती अडीच हजार वर्षं मोजली होती परिनिर्वाणापासून, इ.स.पू. ५४४ धरून. बाबासाहेबांच्या ग्रंथातला जन्म ५६३, त्यातून आयुष्याची ऐंशी वर्षं वजा केली की परिनिर्वाण येतं ४८३. दोन्ही गणनांत एकसष्ट वर्षांचं अंतर. माझ्या वर्गात एका मुलीनं हे फळ्यावर मांडून दाखवलं होतं आणि मलाच विचारलं होतं, "सर, मग खरं कोणतं?"

त्याच वर्षीची पौर्णिमा आमच्या घरात वेगळ्या कारणानं सांगितली जाते. २४ मे १९५६, परळचं नरे पार्क. बुद्ध जयंतीच्या त्या सभेत बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेणार असं जाहीर केलं. माझे वडील गिरणी कामगार, पाळी सुटल्यावर तसेच गेले होते, केसांत कापसाचे तंतू घेऊन. पुढे १४ ऑक्टोबरला नागपूर झालं आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. वडील म्हणायचे, "त्या पौर्णिमेला आम्ही चंद्राकडं पाहिलंच नाही, सगळे स्टेजकडं पाहत होतो." त्यामुळे मला ही पौर्णिमा अडीच हजार वर्षांपूर्वीची वाटतच नाही. ती मला वडिलांच्या वयाची वाटते.

पिंपळपान:

मास्तर, केसांतल्या कापसाचं वाचून डोळे भरून आले.

निरंजनाकाठ:

खिरीचा विषय निघालाच आहे तर मी खिरीच्या बाजूनं उभी राहते. अगदी ठाम.

सुजातेची खीर आपल्याला जातकाच्या निदानकथेतून माहीत आहे. तिनं दिलेल्या खिरीचे एकोणपन्नास घास करून सिद्धार्थानं ती खाल्ली, अशी ती कथा. पण माझ्यासाठी खिरीचा खरा अर्थ महापरिनिब्बान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या अखेरच्या दिवसांच्या पाली सुत्तात आहे. शेवटचं भोजन चुंद नावाच्या लोहारपुत्रानं दिलं. त्यानंतर भगवंतांना रक्ताची हगवण लागली, जिवावरचं दुखणं. अशा अवस्थेत कुशीनाऱ्याच्या वाटेवर ते आनंदाला काय सांगतात? की चुंदाला उद्या कुणी बोल लावेल, तुझं अन्न खाऊन तथागत गेले असं म्हणेल, त्याचं मन खाईल. तर त्याला जाऊन सांग की दोन भोजनं सारख्याच पुण्याची आहेत. एक ज्यानंतर बोधी प्राप्त झाली ते, आणि दुसरं ज्यानंतर परिनिर्वाण झालं ते.

स्वतः मरणाच्या दारात असताना एका कारागिराच्या मनाला उद्या टोचणी लागू नये याची काळजी! मी दरवर्षी खीर ढवळताना मुलांना ही गोष्ट सांगते. सुजाता आणि चुंद दोघांच्या नावानं खीर करते. पहिली वाटी घरात जो कुणी त्या वर्षी एखाद्या चुकीनं मनातून खचलेला असेल त्याला. दोन वर्षांपूर्वी ती वाटी माझ्या मुलाला मिळाली, दहावीचे मार्क मनासारखे पडले नव्हते. खीर खाता खाता रडला. मग दुसरी वाटी मागितली.

याला कर्मकांड म्हणायचं असेल तर म्हणा.

सरळरेघ:

नाही म्हणत. खरंच नाही. हे मला माहीत नव्हतं, म्हणजे चुंदाचं नाव माहीत होतं पण हा निरोप नजरेतून सुटला होता. आज रात्री सुत्त पुन्हा वाचतो. माझा आक्षेप अर्थ न सांगता केलेल्या खिरीला होता आणि तो कायम आहे.

चटणीभाकर:

चुंदाच्या त्या जेवणात 'सूकरमद्दव' होतं म्हणतात. ते डुकराचं मांस की अळिंबी? यावर मराठीत पूर्वी मोठा वाद झाला होता ना?

गोदाकाठचा_मास्तर:

झाला होता. धर्मानंद कोसंबींनी मांस असा अर्थ घेतल्यावर बरीच खळबळ उडाली. अट्ठकथांत, म्हणजे जुन्या पाली टीकांतच एकाहून जास्त अर्थ दिलेले आहेत. पण त्यावर इथे बोलायला लागलो तर पौर्णिमा उलटून अमावास्या येईल. वेगळा धागा काढा, मी हजर.

मोगरा_अंगणी:

नमस्कार. मी बौद्ध नाही, पण आमच्या सोसायटीतल्या ताईंनी यंदा वंदनेला बोलावलं आहे. जायची खूप इच्छा आहे. जाताना काय न्यावं? गाथा येत नाहीत तर नुसतं बसलं तर चालतं का? आणि एक भाबडा प्रश्न. आमच्याकडे लहानपणापासून दशावतारात बुद्ध नववा असं ऐकलं आहे. त्यांच्याकडे गेल्यावर हे बोलणं बरोबर दिसेल का?

काजूची_बाग:

या हो, बिनधास्त या! फुलं न्या, नाहीतर हात हलवत गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही. चपला बाहेर, डोक्यावर पदर वगैरे काही लागत नाही.

निरंजनाकाठ:

मोगराताई, विचारलंत हे फार चांगलं केलंत. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे आम्ही मानत नाही. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांमध्येच ते स्पष्ट नाकारलेलं आहे. त्यामागे मोठी वेदना आहे. अवतार म्हटलं की बुद्धाचं वेगळं सांगणं पुसलं जातं. देव-अवतार यांच्या आधाराशिवाय, माणसानं माणसाशी कसं वागावं हे त्यांनी सांगितलं. त्यामुळे तिथे तो विषय काढू नका, नंतर ताईंना निवांत विचारा, त्या सांगतील.

गाथा येत नसतील तर नुसतं ऐका. पंचशील घेताना ओळीला ओळ जोडता येते, बौद्धाचार्य एकेक शील म्हणतात आणि सगळे मागून म्हणतात. हत्या, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहण्याचा तो संकल्प आहे. कुणी हुकूम सोडलेला नाही. "वेरमणी सिक्खापदं समादियामि" म्हणजे हा नियम मी स्वतःहून स्वीकारते.

मोगरा_अंगणी:

"स्वतःहून स्वीकारते" हे फार आवडलं. मनापासून आभार. मोगऱ्याची फुलं नेईन.

पाणवठा:

जरा अवांतर, पण पौर्णिमेचंच आहे.

आमच्या विदर्भात बुद्ध पौर्णिमा म्हटलं की जंगलवाल्या लोकांना आधी मचाण आठवतं. वैशाखात जंगलातलं पाणी आटलेलं असतं, प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि चंद्र लख्ख असतो. म्हणून वर्षानुवर्षं याच रात्री मचाणावर बसून प्राण्यांची मोजणी होत आली आहे. आता मोजणीचं मुख्य काम कॅमेऱ्यांनी होतं, तरी वनविभाग 'निसर्गानुभव' म्हणून ताडोबा, मेळघाटात लोकांना या रात्री मचाणावर बसू देतो.

मी बौद्ध घरातला. पहिल्यांदा गेलो तेव्हा आई नाराज होती, सणाच्या दिवशी घर सोडून कुठं जातोस म्हणून. रात्री साधारण दोनच्या सुमारास एक अस्वल पिल्लाला पाठीवर घेऊन पाण्यावर आलं. त्याआधी तिथं चितळं होती, ती बाजूला झाली, लांब गेली नाहीत. अस्वल पाणी पिऊन गेलं, चितळं परत आली. मी श्वास रोखून बसलो होतो. तेव्हा मनात आपोआप मेत्तसुत्त सुरू झालं, आई जशी एकुलत्या पोराला जिवापाड जपते तसं सगळ्या जीवांविषयी मन असावं, ती गाथा. लहानपणापासून पाठ होती, त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. आईला येऊन सांगितलं तर म्हणाली, "मग तुझी वंदना झाली म्हणायची."

रात्रपाळी:

पाणवठा, तुमच्या आईला साष्टांग.

मी परिचारिका आहे. गेल्या कित्येक पौर्णिमा वॉर्डात गेल्या. मी उपोसथ करते, म्हणजे त्या दिवशी पाचाऐवजी आठ शीलं, अष्टशील. सरळरेघ यांनी उपवासाचं लिहिलं म्हणून सांगते, उपोसथ म्हणजे आपला नेहमीचा उपवास नाही. साबुदाणा-बटाट्याशी त्याचा संबंध नाही. दुपारी बारानंतर जेवायचं नाही, नाचगाणं-शृंगार नाही, उंच मऊ बिछान्यावर झोपायचं नाही. रात्रपाळीत बिछानाच नशिबी नसतो, ते शील फार सोपं जातं!

अवघड जातं ते चौथं. खोटं न बोलणं. मागच्या पौर्णिमेला एका आजोबांनी मला विचारलं, "सिस्टर, मी घरी जाईन ना?" एरवी आम्ही "हो तर, जाणार ना" म्हणून पुढे सरकतो. त्या दिवशी मला ते म्हणता येईना. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "आजोबा, ते मला माहीत नाही. पण आज रात्रभर मी इथंच आहे." त्यांनी माझा हात धरला आणि झोपले. मला इतक्या वर्षांत शीलाचा अर्थ एवढा कधी कळला नव्हता.

काजूची_बाग:

(निःशब्द)

तांब्याची_घंटा:

दोन वर्षं कामासाठी श्रीलंकेत होते, तिथलं सांगते. तिकडे वेसाक म्हणतात. घराघरांवर कागदी कंदील लावतात, चौकाचौकांत जातककथांची चित्रं असलेल्या दिव्यांच्या मोठ्या कमानी, आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'दन्सल'. रस्त्याच्या कडेला मंडप टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवण, सरबत, आइस्क्रीम. बस थांबवून आत ग्लास देतात. धर्म कोणता, भाषा कोणती, कुणी विचारत नाही. दारूची दुकानं बंद.

आपला पंचरंगी ध्वजही तिकडचाच. १८८५ सालच्या वेसाकला कोलंबोत तो पहिल्यांदा फडकला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी आणि शेवटच्या पट्टीत पाचही एकत्र. पुढे १९५० साली कोलंबोच्या जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले होते. १९९९ साली संयुक्त राष्ट्रसंघानंही वेसाकला मान्यता दिली.

तारखेचा घोळ मात्र सगळीकडे. २०२३ मध्ये आपली पौर्णिमा ५ मेला झाली आणि थायलंडमधली ३ जूनला, कारण त्यांच्या पंचांगात अधिक महिना आला होता. माझ्या थाई मैत्रिणीनं मला जूनमध्ये शुभेच्छा पाठवल्या, मी चकित! सरळरेघ म्हणतात तसं तिथीला फार चिकटून बसण्यात अर्थ नाही हे पटतं.

पाणवठा:

दन्सल म्हणजे आपली पाणपोईच की मोठ्या प्रमाणावर. आमच्या वस्तीतली पोरं पौर्णिमेला पाणपोई घालतात. रांजण, वाळा घातलेलं पाणी, मठ्ठा. चव्वेचाळीस डिग्रीत रिक्षावाले थांबून थांबून पितात.

गोदाकाठचा_मास्तर:

पाणपोईवरून राहवत नाही म्हणून लिहितो. मुलांना बुद्धचरित्र सांगताना मी पाण्यापासून सुरुवात करतो. सिद्धार्थानं घर का सोडलं याचं बाबासाहेबांनी दिलेलं कारण रोहिणी नदीचं पाणी हे आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात शेतीच्या पाण्यावरून भांडण जुंपलं, शाक्यांच्या संघानं युद्धाचा ठराव आणला, सिद्धार्थानं विरोध केला, मतदानात हरला आणि लढाईला जाण्याऐवजी परिव्राजक, म्हणजे घर सोडून फिरणारा संन्यासी होणं पत्करलं. हे ऐकताना टँकरच्या रांगेत उभी राहणारी मुलं कान टवकारतात. त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

मग त्याच पाण्याचा धागा धरून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर येतो. ज्यांना तळ्याचं पाणी नाकारलं त्यांचीच नातवंडं आज रस्त्यावर रांजण ठेवून कुणालाही, जात न विचारता पाणी देतात. पौर्णिमेचा याहून मोठा अर्थ मला तरी अजून सापडलेला नाही.

सरळरेघ:

मास्तर, हे वाचून उठून उभा राहिलो. पण डीजेचं काय? पाणपोईशेजारीच भिंत हादरेल असा डीजे लावतात त्याला कोणता अर्थ?

काजूची_बाग:

डीजे नको हे मान्य. पण मिरवणूक नको असं म्हणू नका. आमच्या आजोबांना त्याच रस्त्यानं चपला घालून जाता येत नव्हतं.

सरळरेघ:

मिरवणूक हवीच. पायी, गाणी म्हणत. आपल्याकडे शाहिरांची काय कमी आहे!

लेणीवेडा:

सगळं वाचत आलो. पण लेकीचा प्रश्न मधेच राहिला. त्याचं उत्तर दगडात कोरलेलं आहे.

अजिंठ्याचं २६ क्रमांकाचं लेणं. आत गेल्यावर डाव्या हाताच्या भिंतीशी बुद्धांची पहुडलेली मूर्ती आहे, साधारण सात मीटर लांब. उजव्या कुशीवर, हात गालाखाली. महापरिनिर्वाणाचा प्रसंग. बहुतेक लोक चेहऱ्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा आणि आधी खाली पाहा. खाली शिष्यांची रांग बसली आहे, माना खाली, कुणी हात गालाला लावलेला, शोकात बुडालेले. मग नजर वर न्या. वर आकाशात दिव्य जनांची गर्दी आहे, वाद्यं वाजवत आनंदानं येताहेत.

कोरणारानं दोन्ही ठेवलं आहे. एकाच भिंतीवर, एकाच वेळी. मधे ते शांत झोपलेले.

महापरिनिब्बान सुत्तातही तसंच आहे. ज्यांची आसक्ती सुटली नव्हती ते भिक्खू हात वर करून रडले, ज्यांची सुटली होती ते म्हणाले, सगळं अनित्य आहे, दुसरं काय होणार होतं. रडणाऱ्यांना संघातून काढून टाकलं असं कुठं लिहिलेलं नाही. खुद्द आनंद दाराला टेकून रडला आणि भगवंतांनी त्याला जवळ बोलावून त्याच्या सेवेचं कौतुक केलं.

तेव्हा लेकीला न्या एकदा. सोमवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात.

निरंजनाकाठ:

लेणीवेडा, त्याच सुत्तातलं फुलांचंही सांगा ना. शालवृक्ष अवेळी बहरले आणि फुलं तथागतांच्या अंगावर पडली, तेव्हा ते आनंदाला म्हणाले की एवढ्यानं तथागताची पूजा होत नाही. जो भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका धम्माप्रमाणे चालतो त्याची पूजा सर्वांत मोठी.

चटणीभाकर:

म्हणजे फुलं वाहायची की नाही?

निरंजनाकाठ:

वाहायची. आणि पिंपळपानच्या आजीनं सांगितलं तसं सुकताना पाहायची.

पिंपळपान:

काल पौर्णिमा झाली. सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले, काही ठिकाणी मला थांबावं लागलं.

सकाळी तिघांनी वंदना केली. मोगरा आणि कण्हेर ताटलीत ठेवून लेकीनं गाथा म्हटली, अडखळत, पण "पुप्फं मिलायाति" पर्यंत पोचली. मग मी लेणीवेडांनी लिहिलेल्या अजिंठ्याच्या मूर्तीचा मोठा फोटो दाखवला. खालचे रडणारे तिनं एकेक मोजले. वरचे मोजताना म्हणाली, "हे हसतायत कारण त्यांना वरून सगळं दिसतंय." मी काही बोलले नाही.

ताटली तिनं दिवसभर हलवू दिली नाही. दर थोड्या वेळानं येऊन बघायची. दुपारी मोगऱ्याच्या पाकळ्यांना कडेनं तपकिरी रेघ आली, संध्याकाळी कण्हेरीची फुलं मिटून ताटलीला चिकटली. रात्री तिनं ती बोटानं सोडवली, वास घेतला, म्हणाली, "अजून येतोय." मग आम्ही गच्चीवर गेलो. चंद्र चांगलाच वर आला होता. तिला आजीची गोष्ट सांगितली, लुगड्याची, ओल्या फडक्याची. सांगताना मला रडू आलं आणि तिला माझ्याकडे बघून हसू आलं, आणि मग मलाही.

खीर केली होती. पहिली वाटी कुणाला द्यायची यावर तिनं बराच विचार केला आणि वाटी घेऊन खाली वॉचमनकाकांकडे गेली. त्यांची मागच्या महिन्यात गाडी लावण्यावरून कुणाशी तरी बोलाचाली झाली होती, ते तिच्या लक्षात होतं. परत आली ती नवा हट्ट घेऊन. काकांच्या खुर्चीजवळ पाण्याचा माठ हवा, कुरियरवाल्या दादांना प्यायला. आज सकाळी माठ आणला, तिवईवर ठेवला, वर झाकण आणि ओगराळं. भरायची पाळी आम्ही वाटून घेतली आहे. उद्याची तिची आहे.